बाकं रिकामी का होती

डॉक्टर : सिस्टर, बाकं रिकामी का आहेत?

सिस्टर : सकाळीच पुसून घेतली. छान दिसतायत ना?

डॉक्टर : बाकांचं नाही, बाकांवर बसणाऱ्यांचं विचारतोय! सोमवारी इथं मुंगीला शिरायला जागा नसते. पेशंट कुठायत?

सिस्टर : आपापल्या घरी. आज येऊ नका म्हणून कालच सगळ्यांना सांगून टाकलं.

डॉक्टर : काय? अहो, आजच तर फाउंडेशनच्या मॅडम येतायत! पुढचं अनुदान द्यायचं की नाही, ते त्या दवाखाना बघून ठरवणार. औषधं, तुमचा पगार, माझा पगार, सगळं त्या अनुदानावर चाललंय. ते थांबलं की दाराला कुलूप. आणि त्यांना आपण दाखवायचं काय, पुसलेली बाकं?

सिस्टर : ओरडू नका, बीपी वाढेल. मग ते मोजायलाही मलाच यावं लागेल.

डॉक्टर : पाहुणे आले की पोरांना शेजारी पिटाळतात ना, घर आवरलेलं दिसावं म्हणून? तसं केलंत तुम्ही!

सिस्टर : तसं समजा.

डॉक्टर : समजा काय समजा! आल्यासुद्धा त्या. आता तोंडातून चकार शब्द काढू नका, मी सांभाळतो. या मॅडम, या!

मॅडम : नमस्कार. वा, किती स्वच्छ ठेवलंय. पण... कुणीच नाही?

डॉक्टर : सोमवारी तशी गर्दी जरा कमीच असते.

मॅडम : सोमवारी या, त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी असते, असं तुम्हीच फोनवर म्हणाला होतात.

डॉक्टर : हो का? मी म्हणालो होतो?

मॅडम : डॉक्टर, मी अडचणीत आहे हो. उद्या कमिटी बसतेय. मागणारे दवाखाने पुष्कळ, आणि या वर्षी देणगीदारांनी हात आखडता घेतलाय. मी जे बघितलं तेच सांगणार. आणि बघितलं काय, तर भर सकाळी दवाखाना ओस.

सिस्टर : मी सांगू का?

डॉक्टर : सिस्टर, नको.

सिस्टर : यांना काही माहीत नाही, मॅडम. हे उगाच सारवासारव करतायत. पेशंटना मी घालवलं.

मॅडम : का?

सिस्टर : मागच्या खेपेला तुमचे एक साहेब आले होते.

मॅडम : हो, माझ्याआधी तेच यायचे.

सिस्टर : माणूस वाईट नव्हता. सगळ्यांची विचारपूस केली. पण या कोपऱ्यात आमचे सुतारकाका बसले होते. साखरेचा आजार, पायाची जखम चिघळलेली. चिघळलेली जखम म्हटली की वास येणारच. साहेबांनी पटकन नाकाला रुमाल लावला आणि मागे सरकले. बस्, एवढंच.

डॉक्टर : हे मला बोलला नाहीत कधी!

सिस्टर : तुम्ही साहेबांच्या चहाच्या गडबडीत होतात. काका उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यानंतर दवाखान्याची पायरी चढले नाहीत. त्यात पायाचं एक बोट गेलं. आता संध्याकाळी मीच जाते घरी, पट्टी बदलायला. गरीब असली तरी माणसंच ना ती, मॅडम? आलेल्यांना दाखवायला मांडून ठेवायची का? राग आला होता मला. अजून आहे. म्हटलं, या वेळी कुणाला बसवायचंच नाही.

डॉक्टर : आणि दवाखाना बंद पडला तर त्याच माणसांचं काय होणार, सिस्टर?

सिस्टर : ते आज सकाळी डोक्यात आलं. बाकं पुसताना. तोवर सगळ्यांना निरोप पोचले होते.

मॅडम : काका राहतात कुठे?

सिस्टर : मागच्या गल्लीत. का?

मॅडम : मला नेता का?

सिस्टर : बघायला?

मॅडम : तुमच्याबरोबर यायला. ते नको म्हणाले, तर दारातूनच परत फिरेन.

सिस्टर : गाडी इथंच राहू द्या मग. आणि काका तोंडाचे फटकळ आहेत, आधीच सांगून ठेवते.

(सुतारकाकांची खोली. दार उघडंच.)

सुतारकाका : सिस्टर? आज सकाळीच? सूर्य पश्चिमेला उगवला की काय?

सिस्टर : दवाखान्याला सुट्टी दिलीय.

सुतारकाका : कुणी, तुम्ही? अरे देवा! त्या बिचाऱ्या डॉक्टरला तुमच्याशिवाय कापूस सापडत नाही. आणि या कोण?

मॅडम : मी फाउंडेशनकडून आलेय, काका. आत येऊ?

सुतारकाका : म्हणजे त्या साहेबांच्या ऑफिसातल्या.

मॅडम : हो, त्याच.

सुतारकाका : नको म्हटलं तर?

मॅडम : तर जाईन.

सुतारकाका : दवाखाना बंद करायला आलात की चालू ठेवायला?

मॅडम : चालू राहावा म्हणून उद्या भांडायचंय. पण बाकं रिकामी का होती, ते लोकांना कसं सांगायचं, हेच सुचत नाहीये.

सुतारकाका : त्यात काय! सांगा, आमची सिस्टर जरा डोक्यानं तापट आहे.

सिस्टर : काका!

सुतारकाका : खोटं आहे का? या बाई, आत या. त्या स्टुलावर बसा. मी केलंय, मोडायचं नाही.

सिस्टर : पुरे झाल्या गप्पा, पाय वर घ्या. आणि हलू नका.

सुतारकाका : मी कुठं हलतोय? पायच हलतो, त्याला मी काय करू?

सिस्टर : रोजचंच आहे हे. मला काय चार हात आहेत, धरायला वेगळे आणि बांधायला वेगळे? मॅडम, त्या पिशवीत हातमोजे आहेत. जरा टाच धरता का?

मॅडम : धरते. अशी?

सिस्टर : थोडी वर. हां, आता मी जुनी पट्टी सोडवते.

सुतारकाका : अहो, त्यांना कशाला! बाई, राहू द्या. वास येतो हो जखमेला.

मॅडम : येतो. पण टाच धरलीय मी, काका. दुखलं तर सांगा.