बोट काढायला मीच सांगितले

पोलीस ठाणे सेलू, जि. परभणी
दि. ०९/०२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव राजेश्वर सिद्धलिंग हालगे, वय ४७ वर्षे, व्यवसाय कापड दुकान, रा. बाजार गल्ली, सेलू.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, मी वरील पत्त्यावर आई चन्नबसम्मा, पत्नी त्रिवेणी, लहान भाऊ शिवकांत (वय ३९), त्याची पत्नी महेश्वरी व मुले असे एकत्र राहत होतो. शिवकांत आता हयात नाही. त्याच्या मृत्यूबाबत मी अंदमान येथील पोलिसांना दि. १२/०१/२०२५ रोजी जो जबाब दिला, तो खरा नव्हता. तो दुरुस्त करण्यासाठी आज आलो आहे.

आम्ही दोघे भाऊ व आमच्या पत्नी दि. ०९ जानेवारीला अंदमानला फिरायला गेलो होतो. आई व मुले घरी होती. दि. १२ रोजी दिवसभरात तीन बेटे दाखवणारी एक खाजगी बोट मी ठरवली. महेश्वरीचे पोट बिघडल्याने ती हॉटेलवरच थांबली. बोटीत मी, त्रिवेणी, शिवकांत आणि नावाडी असे चौघेच होतो. सकाळी साडेसातला निघालो.

दुसऱ्या बेटावर साधारण अकरा वाजता आम्ही घरून नेलेले धपाटे खाल्ले. खाताना शिवकांत मला म्हणाला, "दादा, जूनपासून आमी परभणीला राहायला जायलोत. लेकरांच्या शाळेचं ठरलंय." मी विचारले, "आईला विचारलंस का?" तो म्हणाला, "आईला म्हाईत हाय. तुमालाच सांगायचं राहिलं होतं." तो बराच वेळ बोलत होता. त्याने माझ्यापुढे चटणी सरकवली, ती मी घेतली नाही.

तिसऱ्या बेटावर सव्वा वाजता उतरलो. तिथे वस्ती नाही. अंगातली तरंगणारी जॅकेटे काढून आम्ही बोटीत ठेवली. दोन वाजता नावाडी म्हणाला, पाणी उतरायला लागले आहे, आता निघावे लागेल. शिवकांत म्हणाला, "सकाळच्या गडबडीत लिंगपूजा राहिली. पंधरा मिनटात येतो." तो पाण्याची बाटली घेऊन खडकाच्या मागे गेला. मी आणि त्रिवेणी बोटीत बसलो.

पाचच मिनिटांत मी नावाड्याला बोट काढायला सांगितले. तो म्हणाला, "एक साहब बाकी है." मी म्हणालो, "पता है. थोडा घूमके वापस आयेंगे." तो म्हणाला, "पानी उतर रहा है साहब, बाद में किनारे लगना मुश्किल है." मी म्हणालो, "बोट मैंने ली है." त्रिवेणी म्हणाली, "अहो, भावजी राहिले की." मी तिला म्हणालो, "त्याला वेगळं राहायचंय ना? राहू दे जरा."

बोट टोकाला वळसा घालून लांब गेली. मीच थोडे आणखी पुढे घ्यायला लावले. परत आलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे झाली होती. वारा वाढला होता, किनाऱ्याजवळचे खडक उघडे पडले होते आणि त्यांच्यावर लाटा फुटत होत्या. बोट जवळ जाईना. शिवकांत वाळूवर उभा होता. नावाडी ओरडून सांगत होता की तिथेच थांबा, भरती आली की नेतो. वाऱ्यामुळे ते त्याला ऐकू गेले नसावे. मी हात वर केला. थांब म्हणून केला होता. त्याने तो 'ये' असा घेतला का, हे मला सांगता येत नाही.

तो पाण्यात उतरला. त्याला विहिरीत पोहता येत होते. छातीएवढ्या पाण्यापर्यंत दिसला, नंतर एक लाट आली आणि दिसला नाही. नावाड्याने लगेच उडी टाकली. दोनदा वर येऊन तो पुन्हा खाली गेला. खडकाने त्याचा पाय कापला. मी बोटीतच होतो. शिवकांतचे जॅकेट माझ्या पायाजवळ होते.

संध्याकाळी धक्क्यावर महेश्वरी आली होती. तिने विचारले, "दादा, हे कुठंयत?" मी म्हणालो, "नावाड्यानं आमाला न विचारता बोट काढली." तेच मी पोलिसांना सांगितले. त्रिवेणीने उलट्या होत असल्याने काही पाहिले नाही, असे सांगितले. ते मी तिला सांगायला लावले. नावाड्याला त्याच रात्री अटक झाली.

शिवकांत दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेटाच्या किनाऱ्यावर सापडला. गळ्यातले लिंग तसेच होते. दि. १६ रोजी सेलूला आणून आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे माती दिली.

दिवसकार्य झाल्यावर त्रिवेणी माहेरी सोनपेठला गेली. न्यायला गेलो तर उंबऱ्यातूनच म्हणाली, "आधी ठाण्यात जाऊन या. मग येते."

आज सकाळी मी आई व महेश्वरीला समोर बसवून सगळे सांगितले. आई भिंतीकडे तोंड करून बसली. महेश्वरीने एवढेच विचारले, "यांच्यासाठी पाण्यात कोण उतरलं होतं?" मी सांगितले, नावाडी. तिने त्याचे नाव विचारले. मला आठवले नाही. तिने मला पोलिसांचा कागद आणून वाचायला लावला. त्याचे नाव नित्यानंद मंडल आहे. तो अठ्ठावीस दिवसांपासून कोठडीत आहे. महेश्वरी म्हणाली, "मग हितं काय बसलाव? निघा."

नित्यानंद मंडल याचा यात काही दोष नाही. त्याने मला दोनदा अडवले होते. हा जबाब तिकडे लवकर पाठवावा, अशी माझी विनंती आहे. मला कोणी धमकावून किंवा आमिष दाखवून आणलेले नाही.

जबाब लिहून झाल्यावर हवालदार साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "गैरसमजातून बोट काढायला सांगितले" असे एक वाक्य होते. "गैरसमजातून" हा शब्द मी सांगितलेला नव्हता. तो मी खोडायला लावला आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी मी बोललो तसे आहे.

(सही) राजेश्वर सिद्धलिंग हालगे