वीस पुंगळ्यांच्या माना

...पण मी पुंगळ्या फोडल्या नाहीत हो! माना मोजत होतो, नुसत्या माना! तुम्हाला सांगतो, उडालेल्या काडतुसाची जी रिकामी पितळी पुंगळी असते ना, तिची मान फुगलेली असते, नवी गोळी तिच्यात घट्ट बसत नाही, म्हणून ती साच्यात घालून दांडा दाबायचा, मान आवळते, दांडा उचलताना आतला पोलादी मणी ती सारखी करतो... झालं! एक दाब. आमच्या नांदेडच्या रायफल क्लबाचे कारागीर फारूकभाई मोतीबिंदू काढायला हैदराबादला निघाले आणि जाताना मला म्हणाले, "सर, वीस नग हायेत. एक दाब, बस्स. जास्ती दिमाग लावायचा न्हाई." मला! भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्याला!

बरं, लावला एक दाब. मोजली मान. बरोबर. पण... एकदा बघावं म्हटलं.

का नको बघू? रविवारी नातीची, सुकन्याची, नेमबाजीची निवड चाचणी. पोरगी लातूरला क्लासला. आता अख्खा मराठवाडाच लातूरला क्लासला! मागच्या वर्षी मेडिकल एका गुणानं गेलं. एका! पदक मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून आशा. मग एका मानेत केसाएवढा फरक राहिला तर? आणि मोजताना माझाच हात थरथरला असेल तर? पुन्हा दांडा, पुन्हा मोजणी... एकदा बघावं.

आमची बायको रुद्राणी म्हणते, "भूकंपापासून तुमचं हे असंच. कडी लावायची, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन कडी ओढायची. परवा कडीच हातात आली की तुमच्या!" आली, मान्य. पण विद्यार्थी घेऊन मी गेलो होतो किल्लारीला, ढिगारे उपसायला. आदल्या संध्याकाळी त्या भिंतींवर कोणाला शंका होती का हो? नव्हती ना? मग बघावं लागतं.

शुक्रवारी पहिल्या पुंगळीला बाराव्या दाबाला मानेला चीर! पितळ सारखं आवळलं-ताणलं की कडक होऊन तडकतं, हे मी बी.एस्सी.ला चौतीस वर्षं शिकवलं. शिकवलं! म्हटलं, बाकीच्या तरी शाबूत आहेत का... एकदा बघावं. सोळा गेल्या.

शनिवारी फारूकभाई काळा चष्मा लावून हजर, मागं लातूरच्या एसटीतून उतरलेली सुकन्या. मला तर वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं! भाईंनी पुंगळ्यांवरून बोट फिरवलं. "क्या सर, ही मान हाय की हापशाचा दांडा?"

"भाई, पोरीचं वर्ष घालवलं मी..."

"अजी कुठलं!" त्यांनी फळीमागून बिस्किटांचा डबा काढला. आत वीस काडतुसं, तयार. "जायच्या आधीच भरून ठेवली. तुमाला दिल्या त्या भंगारातल्या."

"मग मला कामाला कशाला लावलं?"

"न्हाई तर तुमी ही डब्यातलीच मोजत बसले असते ना, सर!"

सुकन्या खाली बघत म्हणाली, "आजोबा, मला माहीत होतं." रुद्राणीला विचारलं. तिलाही माहीत! म्हणजे घरात माझ्यावर विश्वास सगळ्यांचा होता... की मी घोळ घालणारच.

असो. निवड झाली पोरीची, यादीत तिसरी. यादी मी चारदा वाचली. आता क्लबानं मला नवं काम दिलंय, खोलीला कुलूप लावायचं. नुसतं कुलूप! मघाशी लावूनच आलोय... बसा हं तुम्ही, मी एकदा बघून येतो. भाईंनी कुलपं दोन आणून ठेवलीत. दुसरं कशाला, ते मी विचारलं नाही.