सात नंबरचा शेजारी

देहदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांच्यापुढे वैद्यकीय कॉलेजात तीस वर्षं सांगाडे पुसलेला शिपाई. पदरचं काही घालत नाही. कानांवर पडलं तेच सांगतो.

"साहेब, तुमची आम्हाला फार गरज आहे."

"मेल्यावर? जिवंतपणी तर घरात कुणालाच नाही!"

"आमचे सगळे सांगाडे बेवारशांचे. ओझी वाहून मणके झिजलेले. विद्यार्थ्यांना वाटतं, माणसाचा कणा असाच असतो."

"त्यांना विचारलं होतं कुणी?"

"बेवारशाला कोण विचारतंय? सात नंबर तर माझा हमाल काका. मी नोकरीला लागलो तेव्हा आधीच टांगलेला. डाव्या हाताच्या सहा बोटांवरून ओळखला."

"मग घरी का नाही नेलात?"

"पुरावा मागितला. सहाव्या बोटाचा दाखला कुठून आणू? म्हणून आता मीच त्याच्याकडे जाणार."

"आणि मी कशाला?"

"काका जन्मभर साहेबांच्या पेट्या घेऊन मागनं चालला. एकदा शेजारी उभा राहू दे की!"

"आणा तो अर्ज. पण मला त्यांच्या उजवीकडे, मानाच्या बाजूला ठेवा."

"उजवं-डावं बघू, साहेब. वर-खाली मात्र चालायचं नाही. आमच्याकडे सगळ्यांचे पाय जमिनीपासून वीतभरच."