गुणाबाईच्या पदराची गाठ

भिवंडी स्टँडवर वज्रेश्वरीची एसटी कधी लागेल ते देवीलाही ठाऊक नसतं, म्हणून जानकीबाई रांगेत पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत उभ्या होत्या.

"गुणे, पदराला गाठ कसली मारलीस?"

"तुमीच मारायला लावलीत. काहीतरी विसरायचं न्हाय म्हणून."

"काय ते?"

"ते तुमी ध्यानात ठेवणार व्हतात. डोकं तुमचं, पदर माझा."

"औषध घेतलं ना?"

"घेतलं. तुमच्या आईच्या विसरभोळेपणाचं."

"मंग झालं. म्हातारीला आता कायसुदा आठवत न्हाय."

"गाडी लागली, चला."

तेवढ्यात मागून एक म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली.

"लडकू, मला दवाखान्याच्या बाकावर ठेवून आलास. डॉक्टर इचारत व्हता, औषध नक्की कोनाला द्यायचं. आन् गुणे, ती गाठ सोड आता. आले मी."