पादरीबाबाची खोळ

—न्हाई न्हाई साहेब, टेप गुंडाळा आधी. सडक रुंद करा, न्हाई कोण म्हणतंय, पण हे चर्च शंभर वर्षांच्या वरचं हाय, अन् तसलं पाडता येत न्हाई — तुम्हीच म्हणलात ना मघाशी? पुरावा? हा काय, फाटकाशी बसलाय! पादरीबाबा. एवढ्या शेंदराखाली कोनशिला हाय, तिच्यावर गोऱ्या पादऱ्याचं नाव अन् साल — आमची आई सांगते. तिनं वाचलं का? तिला कुठं वाचता येतंय! पण पहिला शेंदूर तिचा. पाळणा हलंना, गावातले सगळे देव करून झाले, राहिला होता पादरी. नवस बोलली अन् मी झालो — संगप्पा! तवापासून शनिवारी हितं तेलाची रांग, अन् रविवारी आत माणसं तीन, त्यातला एक मी. का म्हणजे? बाबाचं घर ओस पडू द्यायचं? देगलूरचे पाळक, म्हणजे आताचे पादरी, अमरनाथ, लई चिडायचे आधी. हे प्रभूचं मंदिर हाय, म्हणायचे. आता मंदिर म्हणायचं अन् नारळ नको म्हणायचं — हे कसं जमावं? हल्ली तेच म्हणतात, संगप्पा, रांगेतले चार जण आत पाठव की.

साल दाखवू? खरवडायचं नसतं साहेब, देव हाय. शेंदराची खोळ आपली आपण गळली की वाजतगाजत मन्याड नदीच्या पाण्यात सोडू. मग वाचा सावकाश. तवर सडक थांबवा — अहो, चावीनं शेंदूर कशाला टोकरता? अहो, अहो—

पडली.

अख्खी खोळ पडली की हो! वाचा, साल वाचा! इंग्रजी हाय? मग तुम्हाला येतंय की. देगलूर... सहा मैल?

सहा मैल कशाचे? म्हणजे हा... सडकेचा मैलाचा दगड? तुमच्याच खात्याचा? हसू नका. हसू नका म्हणतो ना! जन्मभर तेल घातलंय आईनं ह्याला. मला भ्याव वाटून राहिलं साहेब, खरंच. चर्चचं काय व्हायचं ते होईल, पण मी कुणाचा मग? सहा मैलाच्या नवसाचा?

ती बघा, आई आलीच, हातात तेलाची वाटी. उचला खोळ. तिकडून धरा, हळू — लावा वर, दाबा. अन् हात जोडा. टेप खाली ठेवा साहेब. दोन्ही हात.