चिंबोऱ्यांची बिळं

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा लहानपणीच सुटली. ठाकुर्लीपलीकडच्या तळ्यावर बोटींचा क्लब आहे, तिथं मी वल्ही सांभाळतो. क्लबाला पाटीवर तळ्याच्या बांधाचा इतिहास लिहायचा होता, म्हणून मी शेजारच्या आवडाबाईंच्या ओट्यावर गेलेलो. त्या बोलल्या ते असं.

– आनि बसू नको, उभाच राहा. इतिहास पायजे? लिव. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बांध घातला. कोनी घातला? आमी. तुज्या साहेबांनी नुसत्या छत्र्या धरल्या. माती आमची, डोकी आमची – आनि जमीन? तीबी माज्या बापाची, जिच्यावर आता तुमच्या बाया बोटीत बसून भेळ खातात. ती विकायला अंगठा कोनी दिला, तेबी लिव – परशुरामनं, माज्या सख्ख्या भावानं. मना विचारलं? नाय. आनि त्या पैशात घर बांधलं, तेबी बांधाच्या खालीच. बांध म्हंजे काय, ठाव हाय तुला? नुसती माती, रे. चिंबोऱ्या नांग्यांनी पोखरतात. आमी खाडीकाठची मानसं – बांध मिठागराचा असो, वैऱ्याचा असो, बीळ दिसलं की चिखल कोंबायचा, टाच मारायची, मग पुढं चालायचं. रीतच ती. दर वैशाखात मी ह्या बांधावर फिरायची – शिव्या देत फिरायची, पन फिरायची. औंदा तुमी तार ठोकलीत. तुमचा रखवालदार म्हनतो, म्हातारे, सभासदांशिवाय आत यायचं नाय. बरं बाबा, नाय येत. सभासद बुजवतील – पांढऱ्या पाटलोनीत. काय बघतोस? खालच्या अंगाला बिळंच बिळं झाल्यात, मना हितून दिसतात. दिसू देत. बांध फुटला तर पानी पहिलं कोनाच्या दारात जाईल? परशुरामच्या. जाऊ दे. पैसा खाल्ला, आता पानी पी म्हनावं. त्याची नातवंडं – पोरं पडवीतच निजतात, धाकटी तर उंबऱ्याला डोकं लावून –

काय बोलले मी? काय नाय बोलले. खोड ती. निघ आता, नायतर कुत्रा सोडीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटघरातली पक्कड घेतली आणि आवडाबाईंच्या घराच्या बाजूची तार माणूस जाईल एवढी कापली. मग आत शिरलो, दिसलं त्या पहिल्या बिळात चिखल कोंबला आणि टाच मारली.