पाळण्याखालून

अपेक्षा : न्हाई म्हणलं ना, दादा. बारशाला पाळण्याखालनं बाळ बायकाच देत्यात-घेत्यात. बापाचं काय काम तिथं?

रविराज : अपे, मी धा वर्षं दुसरं केलं काय? अमेरिकन फुटबॉल. वाकायचं, त्यो लांबुळका चेंडू दोन पायांमधनं मागच्याच्या हातात द्यायचा. आधी कॉलेजला, मग पगारी लीगमध्ये. सेंटर व्हतो मी. एकदा तरी पाडला का?

सोजराबाई : आन् चेंडू दिला की समोरचा रेडा तुझ्या टकुऱ्यावर. ते सांग की. आले व्हते मी पुण्याला बघायला. टाळ्या चेंडू घिऊन पळणाऱ्याला, आन् माझं लेकरू खाली मातीत.

रविराज : आई, खेळच तसा हाय त्यो.

अपेक्षा : खेळ गेला खड्ड्यात! एकाची दोन माणसं दिसत व्हती तुला. कोच म्हणला, पाणी पी आन् उभा ऱ्हा. आन् तू ऱ्हायलास!

रविराज : बसलो असतो तर जागा गेली असती.

अपेक्षा : मग आता काय ऱ्हायलं? लीग बंद. कोच फोन उचलत न्हाई. शिक्रापूरच्या कंपनीनं मेडिकलमधनं माघारी धाडलं. चहाचा कप हिंदकळतोय तुझ्या हातात.

रविराज : करिश्मा काय म्हणली?

सोजराबाई : बायकू हाय तुझी, ती कशाला बोलंल? पोरगी तुझ्याकडं देती, पर सवताचं हात खालनं काढत न्हाई.

रविराज : बघतोय की. बारा दिस बघतोय. एकदाच, आई. दौंडची पाव्हणी यायच्या आत.

सोजराबाई : ...बरं. आधी वरवंटा. तशीबी रीतच हाय, टोपडं घालून पयला त्यो फिरवायचा, मग बाळ. नीट दिलास तर पोरगी देते. अपे, पलीकडं बस.

अपेक्षा : बसले. दे, दादा. सावकाश. खालनं धर... दादा, अरं दादा!

(फरशीवर दगड आपटतो.)

सोजराबाई : पाय बघू, अपे. लागलं का?

अपेक्षा : न्हाई गं. फरशीचा टवका उडाला नुसता. दादा, परत बघू की एकदा. घाई झाली तुझी.

रविराज : घाई न्हाई झाली.

अपेक्षा : दादा...

रविराज : टोपडं सुटलंय त्याचं, तेवढं बांध. आन् आई, पोरगी उठली आवाजानं. करिश्माला हाक मार, घिऊ दे तिला.